होडीचं टेन्शन

माझं काम काय, हे मला आजवर कुणालाही एका वाक्यात सांगता आलेलं नाही. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना वाटतं मी पाइपांचं काहीतरी करते, आणि उरलेल्यांना वाटतं मी टाक्या विकते. टाक्यांचं खरंही आहे म्हणा. तळोज्याला आमची छोटी कंपनी आहे. काचेच्या धाग्यांवर रेझिनचे थर चढवून तिथे फायबरच्या टाक्या, रेलिंगा, झाकणं बनतात. पण माझं टेबल कोपऱ्यात, आणि त्या टेबलावर एक रीळ असतं, काळ्या धाग्याचं. धागा केसापेक्षा जरासाच जाड, हातात घेतला तर घेतल्यासारखा वाटतच नाही. तो बनतो कार्बनच्या नळ्यांपासून, आणि त्या नळ्या इतक्या बारीक की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा दिसायच्या नाहीत. हा धागा फायबरच्या थरांत घालायचा आणि त्यातून थोडी वीज सोडायची. वस्तू ताणली गेली की धागा विजेला जास्त विरोध करतो, आणि पेटीवरचा आकडा चढतो. ताण गेला की आकडा उतरतो. पण आत काही तुटलं किंवा सुटलं असेल, तर तो उतरता उतरता मधेच अडकतो, मूळ जागी जातच नाही. बस्स, एवढंच आहे ते. एवढं सांगायला मला दर वेळी अर्धा तास लागतो, आणि शेवटी समोरचा विचारतो, "मग हजार लिटरच्या टाकीचा रेट काय?"

आमच्या साहेबांना हा धागा अशा वस्तूत घालून बघायचा होता की जी रोज मार खाते. "रेलिंगला कोण मारतंय? टाकीला कोण मारतंय?" असं म्हणत ते दोन दिवस ऑफिसभर फिरले. शेवटी मलाच राहवलं नाही. मी बोलून गेले की मोरा बंदराजवळच्या कोळीवाड्यात माझे मामा राहतात आणि ते नवीन फायबरची होडी बांधून घेतायत. साहेबांनी तिथल्या तिथे टाळी वाजवली. मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं, कारण माझ्या आजोळच्या माणसांना काहीही समजावून सांगणं म्हणजे काय असतं, ते मला माहीत होतं.

होडी मामांची, म्हणजे मामा तिचे नाखवा. पण ती समुद्रात नेणारा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा तांडेल म्हणजे मामीचा धाकटा भाऊ. तो फार वर्षांपूर्वी बहिणीकडे चार दिवस राहायला आला तो राहिलाच. त्याने लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. जमीन तर नव्हतीच. माणसांशी तो मोजकं बोलायचा आणि होडीशी मात्र भरपूर. जुनी लाकडी होडी विकली तेव्हा चार दिवस जेवला नव्हता म्हणे. नव्या फायबरच्या होडीवर त्याचा जीव जडायला आठवडाही लागला नाही. "फायबर त फायबर, हाय त आपलीच ना," असं म्हणून तो तिच्या साच्याशेजारीच झोपायला लागला.

होडीचे थर चढवत होते तेव्हा मी रीळ घेऊन गेले. दोन्ही कडांना, तळाला आणि पुढच्या नाळेला, म्हणजे होडीच्या नाकाला, धागे घातले. मामी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काला दोरा घातलास ते बरा केलास गो बाय. नव्या होडीला लगेच दृष्ट लागतं."

"मामी, हा तो दोरा नाही. हा कार्बनचा आहे. याच्यातून वीज जाते आणि..."

"हां हां, तोच," मामी म्हणाली आणि घरोघरी सांगत सुटली की भाचीने कंपनीचा काळा दोरा आणलाय, विजेवर चालणारा.

मामांना समजावण्यात मी जास्त कष्ट घेतले, आणि तिथेच माती खाल्ली. मी त्यांना पेटी दाखवली. तिच्यावर प्रत्येक धाग्याचा वेगळा आकडा आणि तीन दिवे: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे थांबा. मी म्हटलं, "मामा, होडीवर ताण आला की हा आकडा वाढतो."

"ताण म्हंजे?"

"ताण म्हणजे... ताण. ओढ. जोर."

मामांनी डोकं खाजवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "टेन्शन!"

मी म्हटलं, "हो, इंग्रजीत तसं म्हणायला हरकत नाही."

हरकत होती. शंभरदा होती. ताण म्हटला की माणूस विचारतो, कुठे आलाय. टेन्शन म्हटलं की विचारतो, कुणामुळे आलंय. हे मला त्या दिवशी कळलं असतं तर मी 'ओढ' हा शब्द त्यांच्या डोक्यात खिळे मारून बसवला असता. पण मी हो म्हणाले, वर त्यांच्या घरचा चहा प्यायले आणि निघून आले.

नारळी पुनवेला होडी पाण्यात उतरली आणि मला फोन सुरू झाले. मी कंपनीत, हाताला रेझिन चिकटलेलं, आणि मामा पलीकडून ओरडतायत, "बाय, आज होडीला लय टेन्शन हाय!" मी विचारायचे, लाटा होत्या का? होत्या. मग बरोबर आहे मामा, लाटेने ताण येतो, आता उतरला का? उतरला. मग झालं तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात अख्खा वाडा पेटीभोवती जमायला लागला. शेजारच्या एकाने तर कहर केला. तो स्वतःच्या सासूला होडीत बसवायला घेऊन आला. बाई चांगली भरभक्कम, आणि हा शहाणा तिला नेमकं तळाच्या धाग्यावर बसवून पेटीकडे पळाला. पिवळा दिवा लागला. "बगा!" तो सगळ्यांना म्हणाला, "मी बोलत नवतो?" सासूबाईंनी त्याला होडीतल्या बादलीने मारलं असं मामी सांगत होती. मारायलाच पाहिजे होतं.

मी साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अरे वा, म्हणजे सेन्सर चालतोय!"

मग खरा प्रकार सुरू झाला. मामांनी एक गोष्ट पकडली होती, आणि माझ्या दुर्दैवाने ती बरोबर पकडली होती. तळाचा आकडा चढायचा आणि उतरायचा. कडांचाही तसाच. पण नाळेचा आकडा अधूनमधून चढायचा आणि मग पूर्ण उतरायचाच नाही. प्रत्येक वेळी जरा वरच अडकायचा. हिरव्याचा पिवळा झाला तो पिवळाच राहिला. आणि हे कधी व्हायचं? तर तांडेल नाळेपाशी गेला की. दुसरं कुणी गेलं तर काही नाही. मामा स्वतः जाऊन उभे राहिले, पोरांना उभं केलं, सगळं ठीक. पण तांडेल पूजेला पुढे गेला की आकडा वर गेलाच समजा.

"माणूस चांगला हाय," वाड्यातली शहाणी मंडळी म्हणायला लागली, "पन होडीला सोसत नाय."

बघता बघता हे पक्कं झालं. होडीला टेन्शन तांडेलाचं. मासळी कमी आली, तर त्याच्यामुळे. इंजिन खोकलं, त्याच्यामुळे. मामीची अवस्था वाईट. एकीकडे नवरा, एकीकडे पाठचा भाऊ. ती दोघांनाही ताटात वाढायची आणि स्वतः आत जाऊन रडायची. मामांनी शेवटी ठरवलं की येत्या पुनवेपासून पलीकडच्या वाड्यातला दुसरा तांडेल लावायचा. हे त्यांनी फोनवर मला अगदी साध्या आवाजात सांगितलं, जणू नवीन जाळं घ्यायचं ठरवलंय.

मी भडकले. "मामा, डोकं ठिकाणावर आहे का? ती पेटी आहे, ज्योतिषी नाही!"

"तूच बसवलीस ना गो? मंग ती खोटा बोलतंय का?"

खोटं बोलत नव्हती ती. आकडा अडकत होता म्हणजे नाळेत आतून काहीतरी सुटत होतं, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. मामांचं म्हणणं, वरून एक ओरखडा नाही, हात फिरवून बघितलं, आरशासारखी गुळगुळीत आहे.

त्यानंतर दोन दिवसांनी तांडेलाचाच फोन आला. त्याने मला जन्मात कधी फोन केला नव्हता.

"बाय, तुज्या पेटीला इचार ना, मी काय केला."

मग तोच सांगत बसला. हल्ली तो होडीत चप्पल घालत नाही. बिडी सोडली. धुतलेला शर्ट घालून जातो, वास नको म्हणून. नाळेपाशी जाताना हळूच पाय ठेवतो. आधी माफी मागतो आणि मगच हात लावतो. "तरी पिवला," तो म्हणाला. "जुनी होडी अशी नवती. हिला मी आवडत नाय वाटतं." फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं, कारण आमच्या ऑफिसात रडायला दुसरी जागा नाही.

रविवारी मी मोऱ्याला गेले. ओहोटी होती, होडी चिखलवट वाळूवर कलून उभी होती. मामा, मामी, वाड्यातली दहाबारा माणसं आणि उरणहून बर्फ पुरवणारे चाचा, एवढी मंडळी आधीच जमलेली. चाचा म्हणजे अत्यंत शांत, दाढीवाला, मोजूनमापून बोलणारा माणूस. सगळा वाडा त्यांचा शब्द मानतो. मी पेटी होडीच्या कडेवर ठेवली आणि तांडेलाला म्हटलं, "तुम्ही रोज नाळेपाशी जाऊन जे करता, ते सगळं करा. काही गाळू नका."

तो बिचारा परीक्षेला बसल्यासारखा पुढे झाला. पाण्याने नाळ धुतली, आकडा जागचा हलला नाही. कुंकू लावलं, फूल वाहिलं, अगरबत्ती ओवाळली, तरी पिवळ्या दिव्यावर आकडा शांत. मग त्याने पिशवीतून नारळ काढला, कपाळाला लावला, आणि खांद्यामागून हात आणून नाळेच्या डाव्या अंगाला हाणला. एका फटक्यात दोन शकलं. त्याची ख्यातीच होती तशी, आणि नारळ फोडायचा मान तांडेलाचाच असतो, दुसऱ्या कुणाचा नाही. आकडा टुणकन उडाला, उतरायला लागला आणि मधेच थांबला.

"नारळ!" मी किंचाळले. "अहो, नारळ आहे तो! तांडेल नाही!"

मी भराभरा सांगत सुटले. लाकडी होडीची नाळ म्हणजे जाड सागवान, तिला नारळाचं काय होतंय! पण हे फायबर आहे, थरावर थर. बोथट फटका बसला की वरून काही दिसत नाही, आतले थर एकमेकांपासून सुटतात. आणि हे तर पहिल्या फेरीला नारळ, अमावास्येला नारळ, पुनवेला नारळ, डिझेल भरलं तरी नारळ, आणि तोही नेमका एकाच ठिकाणी!

सगळ्यांनी वाकून नाळेकडे बघितलं. मला वाटलं, पटलं. मग मामी हळूच म्हणाली, "देवाचा नारल होडी फोडतं?"

आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी फोडलंय. माणसाची पनवती असते, हे त्यांना चालत होतं. नारळाची पनवती, हे कुणी बापजन्मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा चाचा पुढे झाले. दाढीवर हात फिरवत म्हणाले, "बघा, एक साधी गोष्ट आहे. कसूर माणसाचा का नारळाचा, हे कळायला पाहिजे ना? मग दुसऱ्या कुणीतरी नारळ मारून बघा. आकडा हलला नाही तर तांडेलाचा कसूर. हलला तर नारळाचा."

इतका चोख प्रयोग आमच्या साहेबांनाही सुचला नसता. फक्त ज्याच्यावर प्रयोग करायचा ती वस्तू त्या प्रयोगात मोडणार होती, एवढीच काय ती अडचण. "चाचा, नको, नाळ फुटेल," मी म्हणत होते, तोवर मामांनी नारळ उचललाही. मामांचा नेम तांडेलासारखा नव्हता. नारळ फुटायला तीन फटके लागले. आकडा चढला आणि अडकला.

"बघितलंत?" मी म्हणाले. "आता तरी?"

मामा आकड्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे... माजापन टेन्शन हाय हिला?"

मी कपाळावर हात मारला. आता प्रश्नच बदलला होता. आता प्रत्येकालाच जाणून घ्यायचं होतं की होडीला आपलं टेन्शन आहे का. सासूवाला जावई सगळ्यांत पुढे. कुणीतरी वाण्याकडून नारळाचं पोतं आणलं. रांग लागली! एक जण मारतोय, बाकीचे पेटीवर वाकलेत. "तुजा माज्यापरीस कमी हाय!" "अरे, हलू मारलास तू!" "परत मार!" मामीने पदर खोचून मारला आणि तिचा आकडा मामांपेक्षा जास्त निघाल्यावर वाळूत बसकणच मारली. मी साहेबांना फोन लावला, की तुम्ही तरी यांना सांगा. साहेब म्हणाले, "किती जणांनी मारला? अजून थोडे होऊ देत ना, सॅम्पल चांगलं मिळतंय." मी फोन कट केला. एवढ्या जोरात कट केला की अंगठा दुखला.

कारण मला आवाज ऐकू येत होता. पहिला नारळ फुटला तेव्हा नाळेचा आवाज टणटणीत होता. आता तो पिचका येत होता, ठप्प, ठप्प, आत पोकळ झाल्यासारखा. पुढे दुरुस्तीला ती जागा कापली तेव्हा आतले थर वहीच्या पानांसारखे सुटलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. पण त्या वेळी ओरडून ओरडून माझा घसा बसला, तरी कुणी ऐकत नव्हतं. लाल दिवा लागला. पेटी केकाटायला लागली. माणसं आणखीच खूश. "लाल कुनाचा आला? कुनाचा आला?"

एवढा वेळ तांडेल बाजूला उभा होता. खरं तर त्याची सुटका झाली होती. सगळ्यांचाच आकडा चढत होता, म्हणजे तो निर्दोष होता, आणि आता नुसतं गप्प उभं राहिलं असतं तरी त्याची जागा त्याला परत मिळाली असती. जावयाने पुन्हा नारळ उगारला. तांडेल धावला. त्याने जावयाला असा ढकलला की तो चिखलात पडला, आणि स्वतः नाळेवर पालथा पडला, दोन्ही हातांनी तिला कवटाळून.

"बस झाला! हिला नका मारू!"

"अरे, पन तुजाच फायदा..." कुणीतरी म्हणालं.

"नको मना फायदा! मीच पनवती हाय, झाला समाधान? दुसरा तांडेल आना. मी जातो, कुटंपन जातो. पन हिला नका मारू, तिचा काय कसूर हाय?"

त्याचा शर्ट वर गेला होता, पाठीची हाडं दिसत होती. खरंच किती वाळला होता तो. त्याचं सगळं वजन नाळेवर, त्यामुळे पेटीवरचा आकडा वरवर चाललेला आणि ती जिवाच्या आकांताने ओरडत होती. मामी तोंडात पदर धरून रडत होती. चाचांनी मान खाली घातली. पोत्यातला नारळ कुणी उचलला नाही.

मामा पुढे झाले. मला वाटलं ते पेटीकडे बघतील, कारण गेला महिनाभर ते उठताबसता तेच करत होते. ते तिच्याजवळून गेले आणि त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही. मेहुण्यापाशी जाऊन त्यांनी त्याचा वर गेलेला शर्ट खाली ओढला.

"उठ," ते म्हणाले. "तू गेल्यावर हिला पान्यात कोन न्हेनार? नारल न्हेनार?"

तांडेल उठला नाही. पालथाच म्हणाला, "दाजी, आधी ते पोता लांब न्या."

मामांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि त्या चिखलातून एकटेच वर घराकडे चालू लागले.